दादाच्या डावीकडची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वाद्यवृंदातली निवृत्त व्हायोलिनवादक, पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, त्याचा राग आला आहे. कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, पण पुष्कळ चिडून, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

कलम एक. माझे व्हायोलिन माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला.

कारण असे. वाद्यवृंदाची ऑडिशन पडद्याआडून होते. वाजवणारा कोण हे परीक्षकांना कळू नये म्हणून. पण आम्हां भावंडांना वडिलांनीच शिकवले, आणि तारा जुळवून झाल्या की अंगठ्याने जाड तार एकदा छेडायची त्यांची खोड आमच्यातही उतरली; दादा ती जोरात छेडायचा, मी हळूच. परीक्षकांत वडील होते. जागा एकच, आणि माझ्यामागून दादा वाजवणार होता. मी तार छेडली आणि पडद्यापलीकडून वडील म्हणाले, "पुढचा उमेदवार." मी एक सूरही वाजवला नव्हता.

पुढे वडील निवृत्त झाल्यावर मी लागले. खुर्ची मिळाली ती दादाच्या डावीकडची. तिथे बसणाऱ्याने दोघांसाठी पाने उलटायची असतात. पानाच्या शेवटच्या ओळी जन्मभर दादाने वाजवल्या, मी हात लांब करत राहिले. टाळ्या थांबल्या की तो म्हणायचा, "जरा उशिराच उलटलंस गं."

गेल्या वर्षी भाचीने ऑडिशन दिली. तिला दादाने शिकवलेले, आणि परीक्षकांतही तोच. तिने तार छेडली. तोही म्हणाला, "पुढचा उमेदवार." घरी येऊन मलाच सांगतो, "शिकवण्या घेऊ दे की तिला. कशाला हवीत नसती सोंगं?" दादा, तुला जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती.

या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. व्हायोलिन आज सकाळीच दिले आहे. उद्या ती दुसऱ्या शहरात वाजवणार आहे. तारा बाहेरूनच जुळवून जा, असे तिला बजावले आहे.

"आत्या, बाबांना काय सांगू?"

"काही नको. तो विचारणारच नाही."

कलम दोन. कार्यक्रमांचे काळे पोशाख वहिनीला. मला काळा रंग शोभत नाही असे ती कायम सांगायची. तिला शोभतो का, ते तिने आरशात पाहावे.

कलम तीन. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक दादाला. कायद्याने कोणाचा वाटा बाद झाल्यास तो भाचीला जावा, म्हणजे परक्या शहरात तिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा जातो, असे वकीलबाईंनी मला नीट समजावले आहे. दादा समोरच चहा पितो आहे.

"फ्लॅट मलाच ना?"

"तुलाच लिहिलाय. वाचतोस?"

"वाचायचंय काय त्यात? आण इकडे. साक्षीदारांत पहिली सही माझी."

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: भाचीच्या ऑडिशनचा आदला दिवस

लिहून ठेवणार: आत्या (सही)
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही)
साक्षीदार पहिला: दादा (सही, ठसठशीत, खाली दोन रेघा ओढून)