सोमवारची बाटली

सोलापूर,
ता. २८ जुलै १९३२

चि. सौ. शकूस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

दुधनीला सुखरूप पोचल्याचे तुझे कार्ड मिळाले. गाडीत बसताना तू हसत होतीस आणि मी फलाटावरून तुझ्या पायांकडे बघत होतो, हे तुझ्या ध्यानात आले नसेल. बार्शीहून माहेरी जाताना बाळंतपणाआधी दोन दिवस आमच्याकडे उतरलीस हे फार बरे झाले. नाहीतर आमच्या डॉक्टरसाहेबांनी तुला तपासले नसते, आणि काही कळलेच नसते.

गाडीच्या घाईत नीट सांगता आले नाही म्हणून लिहितो. तुझ्या रक्ताचा दाब असावा त्यापेक्षा थोडा जास्त भरला. लघवी काचेच्या नळीत घालून तापवली तर वर किंचित पांढरे धुके धरले. किंचितच. पण ते मुळीच असू नये. वाढत गेले तर नासलेल्या दुधासारखा चोथा होतो, आणि मग गरोदर बाईला झटके येण्याची भीती असते. झटके येण्याआधी बहुतेक वेळा नळी सांगते, असे डॉक्टरसाहेब म्हणतात. सात वर्षांपूर्वी प्रभाताईला आठव्या महिन्यात झटके आले तेव्हा आपण बाहेरचे काही असेल म्हणून अंगारे लावत बसलो. तिचे पाय महिनाभर सुजलेले होते आणि आई त्यांना तेल चोळत होती. तेव्हा मी या दवाखान्यात लागलो नव्हतो. आता रोज कितीतरी नळ्या तापवतो, पण तुझी मी दोनदा तापवली.

तुला आता आठवा लागला आहे. दर सोमवारी सकाळची पहिली लघवी सोबतच्या बाटलीत भरून बूच घट्ट बसव. चनबसप्पा आडते सोमवारच्या सकाळच्या गाडीने सोलापूरला येतात, ते इथे सात रस्ता चौकात माझ्या हाती आणून देतील. एक बाटली आणाल का, इतकेच मी त्यांना विचारले आहे. बाकी आई सांगेल. आणि मीठ बंद. अगदी बंद. दूध, फळ, अळणी भात यावर राहा आणि पडून राहा.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मीच घाबरलो आहे म्हणून लिहितो. दादावरचा राग अळणी जेवणावर काढ, माया माझ्यासाठी ठेव.

तुझा
शरच्चंद्र

—

दुधनी,
ता. २ ऑगस्ट १९३२

ती. दादास शकूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी लाज वाटली आणि मग भीती. आई म्हणते, भावाने बहिणीला लिहायच्या का या गोष्टी? पण वहिनीच्या हातून लिहवले असतेस तर तिने निम्मे गाळले असते, तेव्हा तूच लिहिलेस ते बरे. काल बाटली भरून न्हाणीच्या कोनाड्यात ठेवली, आईने ती चनबसप्पांना दिली. आई त्या बाटलीकडे विंचवाकडे बघावे तशी बघते.

अळणी भाताचे काय सांगू? तू एक दिवस खाऊन दाखव, मग मला शिकव. शिवबाई सुईण येऊन गेली. तिचे म्हणणे, पोटुशीचं पाय सुजायचंच, त्यात काय हाय, आन् मीठ तोडलं तर लेकराचं हाड मऊ व्हतंय. मी नुसती मान डोलावली. तुझेच ऐकते आहे.

दादा, एक गोष्ट यांना कळवली नाही, तुला लिहिते. मला ताईच्याच खोलीत खाट दिली आहे, दुसरी खोली गळते. ताईचे लुगडे अडकवायची खुंटी अजून तिथेच आहे. आई दूध घेऊन येते ती दाराकडे बघत बसते, खाटेकडे बघत नाही. मला रोज वाटते, मी ताईसारखी जाणार आणि ते सगळ्यांना आधीच कळले आहे. नळीत काय निघाले ते लवकर लिही. वाईट असले तरी लिही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि तू स्वतःला जप, नाहीतर माझ्या नळ्या कोण तापवणार?

तुझी
शकू

—

सोलापूर,
ता. ९ ऑगस्ट १९३२

चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आनंदाची बातमी. दोन्ही सोमवारच्या बाटल्या स्वच्छ निघाल्या.

पहिली तापवली तेव्हा वरचा भाग गढुळला. पण पांढरे धरले की त्यात ॲसिडचे दोन थेंब टाकून बघायचे असते. खरा दोष असला तर पांढरे तसेच राहते. तुझे फसफसले आणि पाण्यासारखे निवळले. दुसऱ्या बाटलीचेही तेच. वास मात्र फार उग्र येतो आणि इतके फसफसलेले मी कधी पाहिले नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, वाटेत उन्हाने शिळे होत असेल, त्याचेच ते. पांढरे उरत नाही ना, मग झाले. पूर्वीचे ते धुके प्रवासाच्या शिणाचे असेल. आता अन्नात थोडे मीठ घ्यायला आणि घरात हिंडायला त्यांची हरकत नाही.

काल घरी येताना मी तुझ्या वहिनीसाठी गजरा घेतला. ती म्हणाली, आज काय विशेष? मी म्हटले, शकूला मीठ मिळाले. आता ताईच्या खोलीत निर्धास्त झोप. आईलाही वाचून दाखव.

सगळे असेच निवळत जावो, आणि तुझी थट्टा मला घरपोच मिळत राहो.

तुझा
शरच्चंद्र

—

दुधनी,
ता. १७ ऑगस्ट १९३२

ती. दादास शकूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आईला वाचून दाखवले तेव्हा ती देवापाशी जाऊन रडली. मी त्याच दिवशी भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. मीठ काय चीज आहे हे तू कधी तोडशील तेव्हा तुला कळेल. आता पापडही चालू आहेत.

परवा तिसरी बाटली गेली, ती पोचली असेल. या आठवड्यात सूज मात्र जरा वाढली आहे. जोडवी बोटात रुतली, शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. सकाळी उठले की तोंड मला आरशात दुसऱ्याचेच वाटते. दोन दिवस डोके ठणकते आहे, आणि मान वळवली की डोळ्यापुढे ठिणग्या उडतात. आई म्हणते, उष्णता असेल, आणि कपाळाला चंदन लावते. नळी स्वच्छ आहे म्हणून मी मनाला समजावते, पण भीती जात नाही. तू म्हणतोस तेच खरे ना रे?

एक गंमत लिहिते म्हणजे तुझा चेहरा पडायचा नाही. सोमवारी खिडकीतून बघितले तर चनबसप्पा माझी बाटली दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावत होते, आणि मग झोळीत विभूतीच्या डबीशेजारी ठेवली. आईने त्यांना काय सांगितले आहे देव जाणे. मला हसू आवरेना, पण हसले की डोक्यात घण पडतात.

पत्राची वाट बघते. लवकर लिहिशील तर तेच माझे औषध.

तुझी
शकू

—

सोलापूर,
ता. १८ ऑगस्ट १९३२

ती. गं. भा. आईस बालक शरूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र शकूला दाखवू नकोस. मेलगाडीच्या टपालाच्या डब्यातच टाकतो आहे, उद्या सकाळी मिळेल.

आई, चनबसप्पांना तू ती बाटली काय म्हणून दिलीस? विभूतीजवळ ठेवावी आणि कपाळाला लावावी अशी कोणती वस्तू बाटलीत भरून औषधाला जाते, ते शकूचे पत्र वाचल्यावर माझ्या लक्षात आले. लगेच शेजारच्या गोठ्यातून गोमूत्र आणून तापवले. तसेच गढुळले, तसेच फसफसले, तोच वास. तीन सोमवार मी गाईची नळी तापवून माझ्या बहिणीला मीठ खायला सांगितले.

जोडवी कापावी लागली, डोके दुखते, डोळ्यापुढे ठिणग्या, हे सगळे प्रभाताईचे आहे. तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. डॉक्टरसाहेबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, आता एक दिवस थांबायचे नाही. उद्या मिळेल त्या गाडीने शकूला आण. निघण्याआधी तिची खरी लघवी बाटलीत भर. दवाखान्यात खाट सांगून ठेवली आहे. मी सकाळपासून स्टेशनावरच असेन.

रागावून लिहावे असे होते, पण आता रागाला वेळ नाही. आशीर्वाद पाठव, आणि तिला पाठव.

तुझा
शरू

—

दुधनी,
ता. १९ ऑगस्ट १९३२

चि. शरूस आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र चनबसप्पांच्या हाती देते. त्यांच्याबरोबर शकू आणि शिवबाई येत आहेत. बाटलीही आहे. ती खरी आहे.

तू लिहिलंस तसंच झालं. पहिल्या सोमवारी चनबसप्पा दारात आले, झोळीत पूजेचं सामान. विचारलं, अक्का, काय द्यायचंय. माझ्या तोंडाला खरं येईना. एवढा सोवळ्याचा माणूस, त्यांच्या विभूतीजवळ मी माझ्या लेकीचं ते ठेवायला कसं सांगू? गोमूत्र आहे, औषधाला लागतं, असं बोलून गेले. त्यांनी हात जोडून मागितलं. मग आत जाऊन ती बाटली परसात ओतली, आणि सड्यासाठी धरलेलं गाईचं भरलं. एकदा भरलं की पुढं तेच भरत गेले.

पण शरू, हे अर्धंच आहे. मला नळीत काय निघेल त्याची भीती होती. दिसलंच नाही तर व्हायचं नाही, असं वाटायचं. प्रभाच्या वेळी मला शेवटपर्यंत काही कळलं नाही, म्हणून तो महिना तरी सुखाचा गेला. शकूचं आधी कळलं असतं तर मी तिच्यापुढं ताट घेऊन कशी गेले असते? स्वच्छ निघालं म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा मी खूश झाले की. माझ्याच हातानं गाईचं भरलं होतं, तरी खूश झाले. देवापुढं साखर ठेवली. अशी मी आई आहे.

आज चनबसप्पांना सगळं खरं सांगितलं, आधीचं आणि आजचं. त्यांनी झोळी खाली ठेवली. मग म्हणाले, अक्का, ते गाईचं म्हणून घेतलं, हे लेकीचं आहे, आणा इकडं. आणि ही बाटलीही त्यांनी कपाळाला लावली. मी आत निघून आले.

मी येत नाही. प्रभाच्या उशाशी मी होते. शकूच्या उशाशी मी नको. तिला सांग, आईला ताप आहे.

देव तुझ्या हाताला यश देवो. मला दोन ओळी टाक, काहीही असलं तरी.

आई

—

सोलापूर,
ता. २४ ऑगस्ट १९३२

ती. गं. भा. आईस शरूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

शकू जिवंत आहे. हे आधी लिहितो, बाकी मागाहून वाच.

बाटली स्टेशनावरून सरळ दवाखान्यात नेली. नळीत वरपासून निम्म्यापर्यंत पांढरा चोथा धरला, ॲसिडने तो हलला नाही. दाब एकशे नव्वद. डॉक्टरीणबाईंनी तिला अंधाऱ्या खोलीत ठेवले, सुई दिली, दाराशी कोणाला चप्पल वाजवू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तरी एक झटका आलाच. शिवबाईने तिच्या दातांत कापडाची घडी धरली. मी बाहेर ओसरीवर होतो, आणि तो आवाज मला सात वर्षांपूर्वीचा ओळखीचा होता. मी भिंतीला डोके लावून उभा राहिलो, दुसरे काही सुचले नाही. पण दुसरा झटका आला नाही. सोमवारी पहाटे मुलगी झाली. फार लहान, पावणेचार पौंड भरली. कापसात गुंडाळून ठेवली आहे.

शकूचा दाब रोज दोनदा घेतात. काल एकशे साठ होता, आज एकशे पन्नास. तिला अजून अंधुक दिसते, हळूहळू येईल म्हणतात. ती पहिल्यांदा नीट बोलली ती तुझ्याबद्दल. आईला ताप नाही, ती भ्याली आहे, असे म्हणाली.

आई, चूक तुझी एकटीची नाही. ती फसफस मी पाहिली होती, तो वास मला आला होता. रोज नळ्या तापवणारा मी. एकदा दुधनीला येऊन स्वतः बघायला हवे होते. पण नळी मला हवे ते सांगत होती, म्हणून मी पुढे विचारले नाही. तू बाटली बदललीस, मी डोळे मिटले.

मुलीचे काय होईल ते अजून कोणी सांगत नाही. रोज सकाळी तराजूत घालून वजन घेतात. वाढले तर जगेल, घटत गेले तर नाही, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे. तू ये. शकू बोलावते आहे, आणि मीही.

तुझा
शरू

—

दुधनी,
ता. २६ ऑगस्ट १९३२

चि. शरूस आणि चि. सौ. शकूस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारच्या मुलीकडून तीनदा वाचून घेतलं, मला वाचता येत असून. माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

सोमवारी चनबसप्पांबरोबर निघते. बाळंतिणीचा डिंक, आळीव घेतलं आहे, पण डॉक्टरीणबाईंना दाखवल्याशिवाय तिच्या तोंडात काही घालणार नाही. मीठ तर नाहीच. येऊन दारातच बसेन. शकूनं हाक मारली तर आत येईन.

लेकराला तराजूत घालतात हे वाचून आधी जिवाचं पाणी झालं. आपल्यात तान्ह्या मुलाचं वजन करत नाहीत, दृष्ट लागते, आयुष्य मोजलं जातं म्हणतात. घालू नका, असं लिहायलाच बसले होते. ते लिहीत नाही.

मी येईपर्यंत मधे दोन टपाल आहेत. पोरगी रोज किती भरते तो आकडा कार्डावर टाक. दुसरं काही लिहू नको, नमस्कारही नको. आणि शरू, कमी भरली तरी खरंच लिही.

आई