फूफीजानचा खरा आकडा

जठारपेठ, अकोला
१३ जानेवारी २०१५

ति. तनवीरभाई यांस लुबनाचा सलाम, वि. वि.

फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते.

१. फूफीजानची पाठ चार वर्षं दुखते आहे.
२. मी जिथे एमआरआय काढते त्या केंद्रात जुन्या पाठदुखीचा अभ्यास चालू आहे. श्वासाबरोबर सावकाश वाकण्याची कसरत केली की मेंदूत काय बदलतं, ते आधीच्या आणि नंतरच्या चित्रांवरून पाहतात. ऑक्टोबरपासून फूफीजान त्यात आहेत.
३. दुखणं शून्य ते दहात किती, हे दर आठवड्याला विचारतात. त्यांचा आकडा उतरत गेला.
४. काल शेवटच्या तपासणीला त्यांचे पाय लटपटत होते. म्हणून मणक्याचंही चित्र काढलं. मणक्याला टीबी झाला आहे. पू मज्जारज्जूला दाबतो आहे.
५. अमरावतीच्या सर्जननी २२ तारीख दिली आहे.
६. फूफीजान तारखेचा कागद टेबलावरच सोडून गाडीत बसून घरी गेल्या.

त्या माझ्या अब्बांच्या एकुलत्या बहीण आहेत, हे वर लिहिलेलं नाही. ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना तयार करा. शाहीनभाभींना सलाम. लोभ आहेच, तो राहू द्या.

आपली बहीण,
लुबना


चांदूर बाजार
१५ जानेवारी

चि. लुबनाले तनवीरचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र मिळालं. नंबर टाकलेलं पत्र आपल्या घरात पहिल्यांदाच आलं. तुही भाभी म्हणे, हे पत्र हाय का लाइटीचं बिल.

अम्मी ऑपरेशनले नाही म्हणते. तिवशाचे खुशालराव पाठ कापून आले अन् खाटेलेच लागले, हे तिनं डोळ्यानं पाहिलं. वरून तुह्या कसरतीनं तिले आराम हाय. दोन वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढत होती, आता जमिनीवर कपाळ टेकून सजदा करून राहिली. पहिल्या दिवशी सजद्यातून उठली तर रडत होती. तुमच्या मशीनीत हे दिसलं का नाही? मंग चाकू कावून?

एक सांगतो, रागावू नको. आकडा विचारला का अम्मी कमी करूनच सांगे. आपल्या घरात दुखणं मोजत नाहीत, अल्लाचे आभार मानतात, शुक्र करतात. अन् तुह्या सायबासमोर भाचीची लाज कावून घालवू, असं बी म्हणे. संध्याकाळी ताप येते, तो बी तिनं तुमच्याकडे सांगितला नाही. दुलई घेऊन बसते अन् थंडी हाय म्हणते.

बाकी गादीचा धंदा बसला. यंदा कपाशीनं गावाले मारलं, नवी गादी कोणी भरत नाही, जुनाच कापूस पिंजून मागतात. अम्मी तरी दुलयांचे टाके घालतेच, ऐकत नाही. परवा बाजारातून एकाच चपलेनं घरी आली. दुसरी रस्त्यात निघून पडली, तिले पत्ताच नाही! आमी लय हसलो.

माया कमी करू नको, अन् अम्मीवर आवाज चढवू नको.

तुहा भाई,
तनवीर


जठारपेठ, अकोला
१७ जानेवारी

ति. फूफीजान यांस लुबनाचा सलाम, वि. वि.

शेजारचे सहदेवभाऊ आज चांदूरला निघाले आहेत, त्यांच्या हाती हे देते. तनवीरभाई वाचून दाखवतील. भाई, मधलं काही गाळू नका. आणि चपलेवर हसू नका. पायातून चप्पल गेलेली कळत नाही, याचा अर्थ पायाची जाणीव जाते आहे.

फूफीजान, कसरत खोटी नव्हती. दिवसभर पिंजायचं यंत्र चाललं की बंद केल्यावरही कानात घरघर राहते, असं तुम्हीच सांगायचात. जुन्या दुखण्यात मेंदूचं तसं होतं. जखम भरते, घरघर राहते. श्वास आणि लक्ष लावून केलेल्या कसरतीने ती हळूहळू उतरते. सगळ्या रुग्णांची चित्रं एकत्र ठेवली की मेंदूत तसा फरक दिसतो आहे. एकट्या तुमच्या चित्रावरून मला ते सांगता येत नाही. तुम्हाला आराम वाटला, ते मी खरं धरते. पण तुमचं यंत्र बंद झालेलं नाही. ते आत चालू आहे आणि मणका खातं आहे.

खुशालरावांना काय झालं होतं, मला माहीत नाही. त्यांची चित्रं मी पाहिलेली नाहीत. तुमची पाहिली आहेत.

ऑपरेशननंतर जमिनीवर सजदा जमेल, असं मी लिहीत नाही. सर्जननीही तसं म्हटलेलं नाही. पाय वाचण्याची शक्यता आहे, एवढंच ते म्हणाले. थांबलात तर पाय जातील, आणि लघवीवरचा ताबाही. मग नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूलाही दुसऱ्याचे हात लागतील. हे कठोर आहे. दुसऱ्या शब्दांत लिहून पाहिलं, पण ते खरं राहिलं नाही.

तुमचे आकडे खरे नव्हते, हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते आता अभ्यासातून काढले आहेत. कोणी मला रागावलं नाही. माझी लाज गेली नाही, फूफीजान. ती राखायचं काम तुमच्या पाठीचं नव्हतं.

शुक्र अल्लाहचा करा. आकडा मात्र मला द्या.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या टीबीच्या गोळ्या सोबत आहेत, कशा घ्यायच्या ते पुडीवर लिहिलं आहे. आजपासून सुरू करा. माझ्यावर आजवर ठेवलात तसाच जीव ठेवा.

ऑपरेशनला येणार की नाही, आणि हे ऐकताना पाठ शून्य ते दहात किती दुखते आहे, या दोन्हीचं उत्तर मंगळवार, २० तारखेपर्यंत पाठवा.

तुमची,
लुबना