आठ टक्क्यांचा चढ

८ जानेवारी, सोमवार
स्टाफ मीटिंग. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं: मार्चमध्ये चार दिवसांची सायकल राइड. तीन घाट, दोनशे ऐंशी किलोमीटर. शाळेला मिळालेले, छातीवर लावायचे सहाच्या सहा नंबर शेवटपर्यंत पोचले, तर एक ट्रस्ट आपल्या हॉस्पिटलला डायलिसिसचं मशीन देणार. एक जरी कमी पडला तर नाही. सगळ्यांनी ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी दुसऱ्या शहरात जातात, जाऊन-येऊन पाच तास. त्या दोन्ही दिवशी लायब्ररीचा तास माझ्या गळ्यात पडतो. तेव्हा मशीनची गरज नक्की कोणाला आहे, हे मला कोणी शिकवू नये.

पहिला हात शिट्टीने वर केला. शिट्टी म्हणजे आमचे पीटीचे सर. गळ्यात शिट्टी, डोक्यात हवा. दुसरा हात माझा. पायाने सायकल कोणीही चालवतं. डोक्याने चालवणारा एक तरी हवा.

९ जानेवारी
फॉर्म आला. चौदा ओळींत अकरा चुका. 'सहभागि', 'किलोमिटर', 'आरोग्यविशयक'. त्यात 'रायडर / सपोर्ट' असलं धेडगुजरी. मी भाषेचा शिक्षक, राहवेना. लाल पेनाने 'रायडर' खोडून वर सुवाच्य अक्षरात 'सायकलस्वार' लिहिलं. 'सपोर्ट' राहिलं, तेवढ्यात तासाची घंटा झाली.

१५ जानेवारी
रूटचा मॅप पाहिला. तिसरा घाट अकरा किलोमीटर, सरासरी चढ आठ टक्के. एकटाच हसलो. आठ टक्के! पंचवीस वर्षं पेपर तपासतोय. शंभरात आठ मिळवणाऱ्याच्या आईवडिलांना आपण भेटायला बोलावतो. शिट्टी म्हणे यासाठी रोज पहाटे टेकडी चढतो. ज्याची त्याची कुवत.

२८ जानेवारी
सायकल घेतली. सायकलवाल्याने विचारलं, कुठे चालवणार? म्हटलं, घाटात. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हलका गिअर टाकून देतो म्हणाला. पोट हा राखीव साठा असतो, हे त्या अडाण्याला कोण सांगणार?

३१ जानेवारी
आजपासून ट्रेनिंग होतं. वारा.

१ फेब्रुवारी
पहिल्या तारखेला काहीही सुरू करणं हा बाळबोधपणा आहे.

४ फेब्रुवारी, सकाळी
ट्रेनिंग सुरू. पाण्याच्या टाकीपर्यंत, दीड किलोमीटर. तिथे चेन पडली. चेन बसवणं हे सायकलस्वाराचं काम नव्हे, ते कारागिराचं. सायकल हातात धरून घरी आणली. चालण्याचा व्यायाम वर झाला.

१२ फेब्रुवारी
हिने विचारलं, सायकल नुसती उभीच आहे तर दूध-भाजीला घेऊन जाऊ का? बायकोला हौस फार. दिली परवानगी. तेवढीच सायकल मोकळी होईल.

२० फेब्रुवारी
सायकल आता रोज बारा किलोमीटर चालते आहे. (ही चालवते.) सायकलची तयारी उत्तम. राहता राहिलो मी. माझी तयारी मानसिक आहे, ती अशी वरून दिसत नाही.

२६ फेब्रुवारी
यादी लागली. माझं नाव 'सपोर्ट'खाली! काम: व्हॅनमध्ये बसून केळी आणि पाणी वाटणे. नोटिशीच्या तळाशी, 'यादी अंतिम आहे.' क्लार्कला जाब विचारला. त्याने शांतपणे माझाच फॉर्म पुढे केला. 'रायडर / सपोर्ट'च्या पुढे मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: लागू नसेल ते खोडा. मी 'रायडर' खोडलं होतं. म्हटलं, अरे, वर 'सायकलस्वार' लिहिलंय ते दिसलं नाही? तर म्हणतो, सर नेहमीच शब्दांचे अर्थ लिहितात, तसाच लिहिला असेल असं वाटलं.

अशा माणसांच्या हाती शाळा आहे. तक्रार करणार. यादी अंतिम असल्यामुळे भाषा कडक वापरायला हरकत नाही.

१ मार्च
मोठ्या बाईंना तिसरं पत्र. 'माझ्या जिद्दीची हत्या' ही शब्दरचना मलाच फार आवडली. आज झोपेत घोरलो म्हणे. मन हलकं असलं की होतं.

४ मार्च
घात झाला. शिट्टीने आपला नंबर मला दिला. म्हणाला, सरांच्या मनाला लागलंय, त्यांनाच जाऊ द्या, मी व्हॅनमध्ये बसतो. कोणी सांगितला होता हा आगाऊपणा? मोठ्या बाईंनी सही केली. वर शिट्टीलाच समजावलं की राइडमध्ये एकदा बदली चालते, नंबर पोचला म्हणजे झालं. माझ्यासमोर हे बोलायचं काय कारण?

७ मार्च
ग्रंथपालबाईंनी जिन्यात गाठलं. इतकी वर्षं त्या माझ्याशी उशिरा परत केलेल्या पुस्तकांपलीकडे बोललेल्या नाहीत. हातावर पट्टी होती. हळूच म्हणाल्या, सर, जमेल ना? म्हटलं, बाई, आठ टक्के तर चढ. त्या हसल्या नाहीत. विनोदबुद्धी कमीच.

घरी आल्या आल्या सायकलवर बसायचं ठरवलं. ही भाजीला घेऊन गेली होती.

१४ मार्च, सकाळी ६
छातीवर नंबर सहा. बाकी पाच जण उगाच हातपाय ताणत आहेत. ही हात हलवायला आली होती, माझ्यापेक्षा तीच फ्रेश दिसत होती.

सकाळी ९.१०
पहिला घाट. इथे तर पाचच टक्के म्हणतात. रस्त्याचे टक्के वेगळ्या पद्धतीने काढतात, हे कोणी आधी सांगायला नको? बेजबाबदारपणाची हद्द आहे.

सकाळी ९.२५
उतरलो. गुडघा. तात्पुरता.

सकाळी ९.५०
व्हॅन मागून आली. शिट्टी खाली उतरून शेजारी बसला. नंबर मागितला नाही. म्हणाला, सर, थोडं थांबू, मग तुम्ही ठरवा. बाकीचे पाच वरच्या वळणावर ठिपक्यांएवढे झाले होते. बदली एकदाच. एकदा दिला की नंबर माझा नाही, चारही दिवस नाही. दहा मिनिटं विचार केला. धाप थांबत नव्हती, म्हणून पाण्याची अख्खी बाटली संपवली. मग नंबरच्या पिना मीच काढल्या. शिट्टी माझ्याच सायकलवरून गेला. मूर्खाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

१७ मार्च
सहाही नंबर पोचले. मी एकशे बेचाळीस केळी वाटली. साल कुठे टाकायची, ही शिस्त एकालाही नाही.

११ जून, मंगळवार
मंगळवार असूनही ग्रंथपालबाई मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये हजर. मशीन बसलं. सकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन दुपारी शाळेत येता येतं म्हणे. मी तेव्हा नवीन आलेल्या सरांना राइडविषयी सांगत होतो. संघाला दिशा कशी दिली, वगैरे. बाई दारात थांबून ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा जवळ आल्या, म्हणाल्या, "सर, तुम्ही वेळेवर उतरलात, म्हणून मशीन आलं."

कोणी हसलं नाही. टोमणा असता तर माझ्याकडे उत्तर होतं. पण त्या खरोखर आभार मानत होत्या, डोळ्यांत पाणी होतं.

घरी येऊन वाक्य वहीत लिहून काढलं. लाल पेन घेऊन दोनदा तपासलं. एकही चूक सापडली नाही.