दगड माझा, जाऊबाईंचा नव्हे

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
आधी आल्या त्या आमच्या मोठ्या जाऊबाई. पाहुण्यांच्याही आधी. मागच्या दाराने, धापा टाकत. म्हणाल्या, अगं, म्युझियमची माणसं आलीयेत, खालच्या रस्त्यावर पाइपासाठी खणताना जुनी हाडं निघाली ना, म्हणून घरोघर विचारतायत, कुणाकडे वेगळासा दगड आहे का. जाऊबाई म्हणाल्या, मीच त्यांना आधी आमच्याकडे बसवलं, चहा दिला, भोपळा दाखवला.

भोपळा म्हणजे भोपळ्याचा फोटो. सगळ्यांत मोठा भोपळा म्हणून पेपरात आला होता, जाऊबाई त्याला कवेत घेऊन उभ्या. भोपळा जास्त बरा आलाय. तो फोटो त्यांनी फ्रेम करून त्यांच्या खिडकीत टांगलाय, बरोबर माझ्या ओट्यासमोर. मी कांदा चिरते तो त्यांचं तोंड बघत. आणि त्या भोपळ्याचं बी कुणी दिलेलं? मी. पेपरात त्याचा एक शब्द नाही. हे मी विसरलेले नाही. मनात ठेवत नाही मी कधी काही, पण विसरलेले नाही.

तर पाहुणे आले. एक बाई, पँटच्या गुडघ्यांना माती, आणि सामान उचलायला एक लांबडा माणूस. बाई मागच्या दाराकडे वळली आणि दार उघडं राहावं म्हणून लावलेल्या माझ्या दगडावर तिच्या पायाचं बोट आपटलं. मटकन खाली बसली. मला वाटलं, रडते आता. पण उठेचना. दगड हातात घेतला, उलटापालटा केला आणि चक्क जिभेने चाटला! ह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्यासाठी ह्यांनी कधी पेपर खाली ठेवलेला मला आठवत नाही.

बाई म्हणाली, आजी, हा कुणाचा? जाऊबाई लगेच, तो धोंडा? तो हिचाच. आमच्याकडे नसतो असला कचरा. कोपऱ्यावरचे शिंपीभाऊ ह्यांची पँट द्यायला आले होते, त्यांनीही ऐकलं. बाई म्हणाली, घेऊन जाते, मशीनखाली बघून सांगते, पण जीभ चिकटते आहे, म्हणजे हा साधा दगड नाही.

जाऊबाईंचा चेहरा! तो फ्रेम करण्यासारखा होता.

५ फेब्रुवारी
झोप नाही, आनंदाने. बाईने काल सगळं समजावलं, इथे लिहून ठेवते, जाऊबाईंना ऐकवायला उपयोगी पडेल. पूर्वी इथे मोठं पाणी होतं. जनावर मेलं की बहुतेक सडून जातं, कुणी खातं, वारा-ऊन बाकीचं संपवतं. पण एखादं लगेच चिखलात गाडलं गेलं तर वाचतं. वर गाळ, त्यावर गाळ. गाळातलं पाणी आत झिरपतं आणि पाण्यातले क्षार कणाकणाने त्याची जागा घेतात. आपल्या किटलीत पांढरं बसतं ना, तसंच, पण लाखो वर्षं. शेवटी आकार जनावराचा आणि माल दगडाचा. मी म्हटलं, माणसाच्या काळजाचंही होतं का हो असं? माझ्या एक ओळखीच्या आहेत. बाई हसली. हुशार आहे.

माझ्या मते ते अंडं आहे. किंवा काळीज. मधे फुगीर, एका टोकाला निमुळतं, वर वळ्या. काळीजच.

ठरवलं: जाऊबाईंसमोर अजिबात मिरवायचं नाही. शांत राहायचं. मोठ्या मनाने.

५ फेब्रुवारी, दुपार
सांगितलं त्यांना. भिंतीवरून. आधी दूधवाल्याला सांगितलं, मग समोरच्या नर्सबाईंना, मग त्यांना. सर्वांत शेवटी सांगितलं हे मुद्दाम.

७ फेब्रुवारी
जे व्हायचं तेच झालं. जाऊबाई म्हणतात दगड त्यांचा. त्यांच्या मोरीची गटार खणली तेव्हा निघाला आणि गवंड्याने भिंतीवरून माझ्याकडे टाकला. खरं आहे. टाकताना मी बघितलं होतं, तेव्हा भांडलेही होते, तुमची घाण आमच्याकडे का म्हणून. पण हे इथेच लिहिते. बाहेर बोलायची गरज नाही. भोपळ्याचं बी माझं होतं हे त्यांनी कुठे सांगितलं?

मी सरळ शिंपीभाऊंना बोलावलं. म्हटलं, भाऊ, तुमच्यासमोर ह्या काय बोलल्या? भाऊ टेप गळ्यात घालून आले होते, जजासारखे दिसत होते. म्हणाले, वहिनी, तुम्ही म्हणालात हिचाच, आमच्याकडे असला कचरा नसतो. जाऊबाई म्हणाल्या, अगं, बोलण्याच्या ओघात म्हटलं. मी म्हटलं, असू दे, ओघात माझ्याकडे आला, आता माझ्याकडेच राहू दे. सूनबाई आतून म्हणाली, आई, सोडा हो, दगडच आहे तो. तिला सासू मिळाली साधी, म्हणून हे बोलणं सुचतं.

९ फेब्रुवारी
म्युझियमला फोन केला. दगड कायमचा द्यायला तयार आहे, एका अटीवर. काचेच्या पेटीवर माझं नाव. मोठ्या अक्षरात, चष्मा न लावता दिसलं पाहिजे (जाऊबाईंना चष्मा लावायची लाज वाटते). आणि शेजारी माझा फोटो. बाई म्हणाली, आजी, आधी काय आहे ते तर कळू दे. मी म्हटलं, काहीही असो, नाव माझंच लागलं पाहिजे. म्हणाली, शब्द देते. ह्यांना म्हटलं, पाहिलंत, ह्याला म्हणतात व्यवहार. हे म्हणाले, हं.

१२ फेब्रुवारी
नवे कपडे शिवायला टाकले. शिंपीभाऊ म्हणाले, लग्न आहे का कुणाचं? मी नुसती हसले.

परवा बाई निकाल घेऊन येणार. सगळ्यांना बोलावलंय. जाऊबाईंना तर स्वतः जाऊन बोलावलं, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवणार. माणसाने सूड घ्यावा तर असा, बिस्किटं देऊन.

१४ फेब्रुवारी, सकाळ
बारा खुर्च्या आणल्या. दगड ओल्या फडक्याने पुसून ठेवला असता, पण तो त्यांच्याकडेच आहे. मुलगा म्हणतो, आई, काही साधंच निघालं तर? हा त्याच्या वडिलांवर गेलाय.

१४ फेब्रुवारी, रात्र
लिहायचं नव्हतं. लिहिते.

बाई आली. आनंदाने लाल झालेली. म्हणाली, आजी, तुमच्या दगडाने कमाल केली! सगळे पुढे सरकले. मी जाऊबाईंकडे बघितलं, नीट बघून घेतलं. मग बाई म्हणाली, ही पाण्याकाठच्या एका मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याची विष्ठा आहे.

शिंपीभाऊ म्हणाले, म्हणजे शी? बाई म्हणाली, हो, पण फार उत्तम प्रतीची! हाडं सापडतात हो, पण असं मऊ सडून जातं, असं अख्खं राहणं दुर्मीळ. आत माशांचे खवले दिसतात, बारीक हाडांचे तुकडे दिसतात. म्हणजे तो प्राणी चावून खात नव्हता, अख्खं गिळत होता. कडेला किड्यांनी पाडलेली भोकंही आहेत. हाडांवरून प्राणी केवढा होता ते कळतं, पण तो त्या दिवशी काय जेवला हे फक्त ह्यातूनच कळतं! नर्सबाई म्हणाल्या, हॉस्पिटलात आम्हीही हेच तपासतो.

जाऊबाई आधी हसल्या नाहीत. तोंडावर पदर धरला. मग खुर्ची हलायला लागली. मग त्यांचा आवाज आला, आणि मग सगळ्यांचाच. हेसुद्धा. मी ह्यांना इतकं हसताना लग्नातही बघितलं नव्हतं.

मी उठले. म्हटलं, खरं सांगायला माणसाने लाजू नये. हा दगड मूळचा जाऊबाईंच्या मोरीचा. गवंड्याने माझ्यासमोर टाकला होता. नाव त्यांचंच लागायला हवं, मला कुणाचं काही नको.

जाऊबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, नाही गं बाई, तुझ्या हक्काचं मी कसं घेऊ? भाऊ, तुम्ही साक्षीला होतात ना? भाऊ म्हणाले, होतो की.

बिस्किटं सगळी संपली. सगळ्यांत जास्त जाऊबाईंनी खाल्ली.

१६ फेब्रुवारी
विचार केला. तसं बघितलं तर जिंकले मीच. दुर्मीळ वस्तू आहे. भोपळा काय, दरवर्षी येतो.

म्युझियमला फोन केला. म्हटलं, नाव बारीक असलं तरी चालेल. कोपऱ्यात. नसलं तरी चालेल. बाई म्हणाली, छे आजी, शब्द दिलाय! पाटी तयार आहे, वाचून दाखवू? नको म्हणायच्या आत वाचली. वर मोठ्या अक्षरात माझं नाव, खाली त्याच अक्षरात ते काय आहे ते. मधे रेघसुद्धा नाही. म्हटलं, निदान फोटो तरी नको, मला बरं नाही. म्हणाली, मग आम्हीच दगड घेऊन घरी येतो, तुम्ही फक्त हातात धरून बसा.

जाऊबाई सकाळपासून दोनदा आल्या, एरवी इतकी माया नसते. विचारत होत्या, माझी वेणी घालून देऊ का, उजेड कुठल्या खिडकीत चांगला, आणि फोटोवाले नक्की कधी येणार. मी सांगितलं, मला माहीत नाही.

गुरुवारी. सकाळी अकराला.