तळाचा वाटा

३ मार्च १९६२
पोहोचलो एकदाचा! दर्यापूरपासून बैलगाडीनं हाडं खिळखिळी झाली, पण तळं झकास आहे. समुद्रतळाच्या कार्बनचा हिशेब मांडण्याआधी लहान नमुन्यावर हात बसवा, असं मत्स्यखात्यातल्या सरांनी बजावलं होतं. या खारपाणपट्ट्यात पाणी आयतंच खारट. गाळातला पाला अळी खाते, अळीला मासा, माशाला माणूस. कार्बन कोणाच्या पोटातून कोणाच्या पोटात जातो, ते वजनं करून कागदावर बाणांनी दाखवायचं. मासे धरणारा शेषराव आणि त्याची बायको सुंदराबाई मदतीला आहेत. तिच्या झुणक्यानं कान लाल झाले.

१२ मार्च
गाळातला कार्बन गेल्या सोमवारी वाढला आणि मंगळवारी गायब! आज कारण सापडलं. सुंदराबाई दर सोमवारी टोपलीभर सरकीची ढेप तळ्यात टाकते. म्हणाली, "तळाचा वाटा हाय सायेब, बंद नोका करू." मी पोट धरून हसलो. पुन्हा ढेप टाकली तर मासेमारीचा परवाना काढून घेईन, असा शेषरावला दम भरला. असल्या खुळचटपणानं माझी आकडेमोड नासते.

२० मार्च
काल ढेप पडली नाही. आज जाळ्यात एक मासा नाही. गाळात अळीही नाही. काठावर बगळ्याचे नुसते पाय.

२६ मार्च
भर दुपारी म्हैस पाण्यात ओढली गेली. शेषराव शेपूट धरून ओढत होता. पाणी तांबडं झालं, मग डोकं तेवढं वर आलं, मान पिळून तोडलेली. मी त्या डोक्याचं वजन केलं. लिहायला लाज वाटते.

२८ मार्च
मीच पाया पडून ढेप टाकायला लावली. वीस टोपल्या. तशीच पडून आहे. शेषराव म्हणतो, आता तोंडाले रगत लागलं.

२९ मार्च
गाळ काढायचं यंत्र पाण्यातच राहिलं होतं. सरकारी माल. मी शेषरावला पाठवलं — मी पाठवलं. कंबरेइतक्या पाण्यात तो ओरडला. हात काठावर आला. फक्त हात. बोटं अजून हलत होती —
सुंदराबाई रडली नाही. हात पदरात गुंडाळून गावाकडे गेली.

३० मार्च, सकाळ
गाव दाराशी आलंय. सुंदराबाई विचारते, वाटा काहून बंद केला. मी आतून सांगितलं, चुकलो, आजच जातो, तोंड दाखवणार नाही. ती म्हणाली, तुमाले कुठं जाऊ देऊन राहिलो आमी. आता वाट्यात आमचं माणूस जाणार नाही.
दाराला खाट लावलीय. पाठीनं रेटून लिहितोय. कुऱ्हाड — फळी फुटली. कोणीतरी माझे केस —