अक्रोडाचा भरडा

२ मार्च, शनिवार

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची दखल इतिहास घेणार नाही, म्हणून मीच घेतो. न्यूझीलंडच्या दक्षिणेतल्या आमच्या गोर गावात अक्रोडाच्या टरफलांचा भरडा फक्त सरडे पाळणाऱ्यांना मिळतो. सरड्याच्या पेटीत अंथरायला म्हणे. लहानशी पिशवी, वर हसऱ्या सरड्याचं चित्र. पाळीव प्राण्यांच्या दुकानातली टुई, जिचा आवाज समोरच्या बेकरीत ऐकू जातो, ती विचारते, "सरडा कुठल्या जातीचा हो?" सांगणार होतो की बाई, मला काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घासायच्या आहेत. पण मागे रांग. म्हणालो, दाढीवाला. "नाव काय त्याचं?" तोंडात आलं ते सांगितलं. युअन. "कित्ती गोड!" म्हणाली.

युअन मॅकस्किमिंगला मी तीस वर्षं ओळखतो. गोड हा शब्द त्याच्या आसपासही कधी फिरकलेला नाही.

संकल्प: युअनच्या पुंगळ्या आठवड्याभरात आरशासारख्या करून त्याच्या हातात ठेवायच्या. तो थक्क होईल. मग शिकारीला डोंगरावर कधी निघायचं ते ठरवू.

३ मार्च

माझी बाजू एकदा लिहून ठेवलेली बरी. गेल्या वर्षी हंगामात, म्हणजे हरणांचे नर माजावर येऊन डोंगरभर डरकाळ्या फोडत सुटतात तेव्हा, आम्ही दोघं नेहमीसारखे वरच्या झोपडीत होतो. युअनचा नेम चुकला. मी निव्वळ मैत्रीपोटी समजावलं की दोष तुझा नाही, पुंगळ्यांतल्या काजळीचा आहे. जेवताना समजावलं, भांडी घासताना समजावलं, उतरताना वाटभर समजावलं. गाडीपाशी आल्यावर त्यानं पुंगळ्यांची पिशवी माझ्या छातीवर आपटली. "घे, लेका. तूच घास. चकाकल्या की आणून दे, आणि तोवर तोंड बंद ठेव." हसत म्हणाला असणार. धुकं होतं, नीट दिसलं नाही.

बंदूक त्याच्या वडिलांची, थ्री-नॉट-थ्री. त्या मापाच्या पुंगळ्या आता शोधून सापडत नाहीत. शिवाय एकदा एका बंदुकीत उडाली की पुंगळी तिच्याच पोटाच्या आकाराची होऊन बसते, दुसऱ्या घरी रमत नाही. युअन त्याच त्या पुंगळ्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरतो. जीव आहे त्याचा त्यांच्यावर.

पिशवी वर्षभर माझ्या गॅरेजात आहे. याला काही लोक उशीर म्हणतील. मी तयारी म्हणतो.

५ मार्च

पुंगळ्या घासायचं यंत्र सुरू केलं. थरथरणारी बादलीच ती. आत पुंगळ्या, भरडा, थोडं पॉलिश. चहा करून आलो तर थरथरत थरथरत तिनं टेबलाच्या कडेवरून आत्महत्या केलेली. भरडा झाडून गोळा केला. त्यात गवत आलं, एक गोगलगाय आली.

प्रत्येक पुंगळीच्या बुडातल्या भोकात अक्रोडाचा एकेक कण रुतलाय. टाचणीनं काढत बसतो. संध्याकाळ कशी जाते कळत नाही. एकटं वाटायला सवड आहे कुणाला?

८ मार्च

युअनचा फोन नाही. एरवी मार्च उजाडून इकडचा शरद लागला की करतोच. फोन बिघडला असावा, म्हणून कंपनीला कळवलं. तिथल्या मुलीनं उलट फोन केला. म्हणाली, "वाजला ना? मग चालू आहे." मी म्हणालो, कधी कधी वाजत नाही. ती म्हणाली, "कोणी केला नाही की नाही वाजत, काका." अलीकडच्या पिढीला तांत्रिक गोष्टींत रस नाही.

१० मार्च

पुंगळ्या आतून अजून काळ्या. व्हिनेगर आणि मीठ, अर्धा तास बुडवायचं. बुडवल्या आणि लक्षात राहिलं नाही. सकाळी पाहतो तर गुलाबी! बाळाच्या गालासारख्या. व्हिनेगरनं पितळेतलं जस्त खाल्लं, असं कुणी कुत्सित म्हणेल. लोकरीची प्रत ठरवण्यात माझा जन्म गेला. प्रत मला कळते. ही वरची प्रत आहे.

१३ मार्च

आणखी भरडा आणायला गेलो. टुई दुकानाच्या त्या टोकावरून: "युअन कसा आहे?" सगळे वळून बघायला लागले. म्हणालो, गप्प असतो. "खातो का नीट?" माहीत नाही म्हणालो, बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. "बघितलं नाही? अहो, तुमच्याच घरात ना?" मी सारवासारव केली की लपून बसतो. ती म्हणाली, घाबरला असेल, त्याला कुणी ओरडलं होतं का?

ओरडलो नव्हतो. समजावलं होतं. हे सरड्यांच्या दुकानात कसं सांगणार?

१६ मार्च, शनिवार

बेकरीत युअन! खरा. चीज रोल घेत होता. मी पावांच्या मांडणीमागे काही काळ विशिष्ट कारणाशिवाय उभा राहिलो, पण त्यानं पाहिलं. "काय रे, झाल्या का?" म्हणालो, झाल्यातच जमा. "वर्ष झालं, लिंडसे. पोर होऊन रांगायला लागलं असतं." मग दोन चीज रोल कागदात गुंडाळून घेतले आणि जाता जाता म्हणाला, "शनिवारी वर जातोय. त्याआधी दे म्हणजे भरता येतील."

विश्लेषण: आमंत्रण याहून स्पष्ट कसं असतं? माझी झोपायची पिशवी उन्हात टाकली. लोकरीचे मोजे सापडले.

१९ मार्च

पुंगळ्या साबणानं धुतल्या. शेवटचा हात. वाळवायला ओव्हन. माझी बायको रेविन असती तर तिनं पुंगळ्यांसकट मला बाहेर काढलं असतं. पण तिला जाऊन तीन वर्षं झाली आणि ओव्हनचा कारभार माझ्याकडे आहे. हलकं गरम ठेवायचं म्हणून बटण फिरवलं. टीव्हीवर मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा होती. एक कुत्रा मेंढ्यांना अगदी फाटकापाशी आणतो आणि मग त्यांच्याकडे बघतच बसतो. मला डुलकी लागली.

जागा झालो तर बटण ग्रिलवर, अगदी टोकाला. पुंगळ्या निळ्या, जांभळ्या, मोरपिशी. आयुष्यात इतकं सुंदर पितळ पाहिलं नव्हतं. उद्या आधी रायफल क्लबात दाखवतो. युअनला देण्यापूर्वी चार लोकांनी कौतुक केलेलं बरं.

२० मार्च, बुधवार

टेबलावर ओतल्या. कौतुक झालं नाही. सगळे माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. भिंतीवर पाटी आहे: 'अति तापलेली पुंगळी मऊ पडते. उडवताना बुडाशी फुटते आणि चेहरा नेते. अशी पुंगळी चिरडून टाका. कुणालाही देऊ नका.' अक्षर सुरेख आहे. माझंच आहे. मी सुरक्षा अधिकारी असताना रंगवली होती, लाल रंगात, दोन हात देऊन.

क्लबातल्या ग्रेअमनं पक्कड पुढे केली. म्हणाला, "तूच कर. नियम तुझाच." पहिली पुंगळी बुडाशी दाबली. ताज्या पावासारखी दबली.

सगळ्या चिरडल्या. कुणी मदत करायला आलं नाही, आणि कुणी घरीही गेलं नाही.

युअन बंदुकीला गाल चिकटवून नेम धरतो. उजवा गाल. हे आज सारखं आठवत होतं.

२१ मार्च

संकल्प: युअनला फोन करून स्पष्ट सांगायचं. सकाळी नको, कामात असतो. दुपारी झोपतो. संध्याकाळी जेवतो.

संध्या. ६

फोन वाजला. इतक्या दिवसांनी. तोच असणार, हे पहिल्या घंटेलाच कळलं. पुंगळ्या मागणार. मी फोनसमोर उभा राहिलो. पुष्कळ वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

फोन बिघडलाय हे मी कंपनीला आधीच सांगितलं होतं.

२३ मार्च, शनिवार

पहाटेपासून पुलापाशी गाडी लावून बसलो. सहज. युअनची गाडी गेली. मागे बोजा, बोजावर कुत्रा. पुढे त्याच्या शेजारी, माझ्या जागेवर, कुणी नव्हतं. कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चीज रोल असावेत. एका माणसाला जरा जास्तच होते.

त्यानं मला पाहिलं नाही. मी वाकलो होतो. मोजे पायात होते.

२५ मार्च

दुकानात गेलो. भरडा नको होता. टुई म्हणाली, "काय हो, चेहरा का असा? युअन बरा आहे ना?" म्हणालो, युअन डोंगरावर गेला. तिच्या हातातली माशांची जाळी खाली पडली. "डोंगरावर? सोडून दिलंत? एकट्याला?" सगळं दुकान ऐकत होतं. म्हणालो, माझी चूक झाली. "अहो, थंडी पडतेय तिकडे! जा, हाका मारा, सापडेल तर घेऊन या!" म्हणालो, मी हाक मारली तर तो येणार नाही. मग ती आवाज खाली आणून बोलली. तिला तसंही बोलता येतं हे गावाला माहीत नसावं. म्हणाली, "तुमचा जीव होता हो त्याच्यावर."

हो म्हणालो. सरड्याबद्दल एवढं खरं मी आजवर बोललो नव्हतो.

२६ मार्च

माझी बंदूकही थ्री-नॉट-थ्रीच. साठीला रेविननं नव्या कोऱ्या पुंगळ्यांचा डबा दिला होता. कुठून मिळवला, तिनं कधी सांगितलं नाही. वरचं वेष्टणही मी काढलं नव्हतं. चांगला प्रसंग आला की काढू, असं म्हणत आलो.

युअनच्या घरी गेलो. तो अजून वरच आहे. पायऱ्यांवर त्याचे गमबूट. चिठ्ठी लिहिणार होतो, पण काय समजावायचं ते सुचलं नाही. डबा उजव्या बुटात बरोबर बसला. डावा बूट आडवा पडला होता, तो सरळ करून ठेवला.