लँडमास्टरचा पहिला भरणा

९ जानेवारी १९७१
गाडी विकायची, असं आज ठरलं. म्हणजे दिवाकरने ठरवलं, मी मान हलवली. "आई, बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गाडी पत्र्याखाली उभी राहून सडेल." पुण्याला परत जाताना पुन्हा बजावून गेला – सहा हजारांच्या खाली देऊ नकोस.

तो गेल्यावर गाडीत जाऊन बसले. पुढे, माझ्या नेहमीच्या जागेवर. सीटची निळी कव्हरं मीच शिवलेली. डेटॉल आणि पेट्रोलचा एकत्र वास अजून आहे. दर बाजाराच्या दिवशी आम्ही नगरहून तिसगावला पेशंट बघायला जायचो – हे गाडी चालवायचे, औषधांची पेटी माझ्या पायाशी. करंजीचा घाट चढताना लँडमास्टर हमखास तापायची. हे बॉनेट उघडायचे, मी कळशीतलं पाणी ओतायचे. मग इंजिन निवेपर्यंत दगडावर बसून दशम्या खायच्या. तेव्हा वाटायचं, कधी एकदा पोचतोय. आता वाटतं, आणखी थोडी तापायला हवी होती.

१३ जानेवारी
तिसगावचा गोरक्षनाथ आला होता. साखर कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. आता स्वतःची टॅक्सी करायची म्हणतो, तिसगाव ते नगर. परवाना मिळालाय. बाजारात दुसऱ्या गाड्या आहेत, पण त्याला हीच हवी.

का, ते मी विचारलं नाही. त्याची मुलगी ह्याच गाडीत जन्मली. त्याची बायको लंकाबाई अडली होती, आम्ही तिला नगरला आणत होतो, आणि घाटातच वेळ आली. ती पुरुषमाणसाला जवळ येऊ देईना. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "आता तूच बघ." लग्नाआधी मी दवाखान्यात नर्स होते, पण त्याला किती वर्षं झाली होती! हे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच विचारत राहिले – "सगळं ठीक ना?" बाळ रडलं तेव्हा ह्यांनी डोळे पुसले. मी बघितलं ते त्यांना कळलंच नाही.

मुलीचं नाव मनकर्णा. सारं गाव तिला 'मोटरी' म्हणतं.

सहा हजार सांगितले. त्याने घासाघीस केली नाही. "गाड्यांना कर्ज देनाऱ्या कंपनीकडनं कर्ज काढतो बाई. माझ्या वाट्याचं आधी देतो."

१८ जानेवारी
गोरक्षनाथ दीड हजार देऊन गेला. लंकाबाईच्या पाटल्या मोडल्या म्हणे. नको वाटलं ऐकून. "हे माझ्याकडचं, बाकी कंपनीचं," म्हणाला. मी म्हटलं, "बरं. गाडी तुझी झाली."

विसार आला, असं दिवाकरला कार्ड टाकलं.

२४ जानेवारी
आजचा दिवस परत नको.

सकाळी फाटक वाजलं. गोरक्षनाथ, लंकाबाई आणि मोटरी – तिघंही ठेवणीतल्या कपड्यांत. लंकाबाईच्या हातात झेंडूची माळ, नारळ. मला वाटलं, सहज भेटायला आले. चहा टाकला. तोवर तिने गाडीला कुंकू लावलंसुद्धा.

"बाई, किल्ली देता ना?"

मी म्हटलं, "अरे, बाकीचे पैसे?"

त्याला कळेना. "ते कंपनी देनार हाय. म्या माझा भरना केला की तुमच्याकडं. तुमी म्हनला, गाडी तुझी झाली."

"तो विसार होता रे. सगळे पैसे आल्याशिवाय गाडी कशी देऊ?"

"विसार?" एवढंच म्हणाला. लंकाबाईने माळ हळूच पदराखाली घेतली. ते बघवलं नाही. मोटरी गाडीत जाऊन बसली होती, तिला कोणी उतर म्हणेना. शेवटी तीच उतरली.

मी म्हटलेलं त्याने खरं धरलं. मी तर नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते.

२७ जानेवारी
घोळ वाढलाय. गोरक्षनाथ कंपनीत जाऊन आला. तिथले मॅनेजर म्हणतात, पाव रक्कम घेणाऱ्याने भरायची हे बरोबर, पण तुझा भरणा आमच्याकडे दिसत नाही. बाईंना दिलेला विसार तुमचा तुमच्यात. आणखी दीड हजार आण.

"आता कुटनं आनू बाई?" तो बसलाही नाही. उभ्यानेच बोलला, निघून गेला.

२९ जानेवारी
दिवाकर आला. निवडणुकीमुळे गाड्यांना भाव चढलाय. कोणी प्रचारासाठी साडेसात हजार रोख द्यायला तयार आहे, उद्याच्या उद्या.

"आणि गोरक्षनाथ?"

"त्याला विसार परत दे. खरं तर तोही द्यायची गरज नाही, पण दे."

चुकीचं काही बोलत नव्हता. त्याचं नवीन बिऱ्हाड, मूल होऊ घातलंय. तरी मी म्हटलं, एक दिवस थांब. चिडला. "बाबा असते तर त्यांनी लगेच व्यवहार उरकला असता."

नसता उरकला. बाप त्याला तेवढा कळलाच नाही. नाहीतर मलाच कळला नसेल.

३० जानेवारी
कंपनीत गेले. रिक्षाने, एकटी. असल्या कचेऱ्यांत कायम ह्यांच्या मागे उभी राहायचे. आज टेबलापुढच्या खुर्चीत बसले.

मॅनेजरना म्हटलं, "ते दीड हजार विसार नाहीत. पहिला भरणा आहे. मला मिळाला. लिहून घ्या, मी सही करते."

ते सभ्य गृहस्थ. म्हणाले, "करता येईल. पण नीट ऐका. गाडी आधी त्याच्या नावावर करावी लागेल. मग आम्ही तपासणार, मग तुमचे साडेचार हजार. वेळ लागतो. मध्ये काही बिनसलं तर गाडीही गेली आणि पैसेही अडकले. घरी कोणाला विचारलंय का?"

"विचारायला घरी मीच आहे," म्हटलं आणि सही केली.

३१ जानेवारी
दिवाकर न जेवता पुण्याला गेला.

४ फेब्रुवारी
गाडी गेली. गोरक्षनाथने हँडल मारलं, दुसऱ्यांदा सुरू झाली. दोन्ही हातांनी किल्ली घेतली होती त्याने. लंकाबाई म्हणाली, "बाई, तुमी आमच्यावर इस्वास ठिवला."

पत्र्याखाली तेलाचा काळा डाग राहिलाय. इतकी वर्षं मी ह्यांना त्यावरून बोलायचे. मोलकरीण धुवायला निघाली, राहू दे म्हटलं.

१२ फेब्रुवारी
पैसे नाहीत. पत्रही नाही.

१९ फेब्रुवारी
पैसे नाहीत. कंपनीत विचारलं, "होईल" म्हणाले. दिवाकरला काय लिहू? रस्त्यावर प्रचाराच्या जीपा दिवसभर ओरडत असतात. त्यातल्या प्रत्येकीकडे बघून साडेसात हजार आठवतात. आठवू नयेत, पण आठवतात.

२६ फेब्रुवारी
साडेचार हजारांचा चेक आला. अर्धे दिवाकरला पाठवले. खूप हलकं वाटलं, आणि मग एकदम घर फार मोठं वाटायला लागलं.

४ मार्च
दुपारी फाटकाशी ओळखीचा हॉर्न. हे आले असं वाटून मी अर्ध्या वाटेवर होते! मग आठवलं.

गोरक्षनाथ होता. गाडी भरलेली. मागच्या सीटवर एक पोटुशी पोर, ओठ कोरडे पडलेले, शेजारी तिची सासू. "बाई, हिला जरा बघा. सरकारी दवाखान्यात जायला तयार न्हाई. घाटातल्या बाईकडं चला म्हनती."

म्हणजे मी. तिकडे मला असं म्हणतात, हे मला आजच कळलं.

पोट तपासलं. बाळ आडवं होतं. बाबापुता करून तिला दवाखान्यात नेलं, शेवटपर्यंत तिचा हात सोडला नाही. मुलगा झाला, दोघं सुखरूप. परत सोडताना गोरक्षनाथ म्हणाला, "डॉक्टर गेल्यापासनं आमच्याकडच्या बायांना कुनी न्हाई बघा." मागितलं काहीच नाही. तेवढंच म्हणाला.

७ मार्च
आज कशातच मन लागलं नाही. ह्यांच्याबरोबर मी तिसगावला जायचे, असंच आयुष्यभर म्हणत आले. तिथे दारात बायका ओळीत बसायच्या त्या कोणासाठी, ते कधी बघितलंच नाही.

२२ मार्च, तिसगाव
इथे दोन खोल्या घेतल्या. नगरच्या घराला कुलूप लावून आले. माझं पत्र मिळाल्यावर दिवाकर आपणहून सामान उतरवायला आलाय, बाहेर पाणी भरतोय. दारात बायका बसल्यात – जाते.